झिमीची खिंड

हिरडेवाडीतून खाली पेढवळला उतरणारी जुनी पायवाट जिथं डोंगराची धार ओलांडते, तिथं एका हिरड्याच्या फांदीला नांगराचा लोखंडी फाळ टांगलेला आहे. बाहेरगावची मंडळी गंमत म्हणून दगड उचलून तो वाजवायला जातात, तेव्हा वाट दाखवायला आलेले धर्माबाबा उघडे त्यांचा हात धरतात. "ऊन पडलंय. आता नाही वाजवायचा," म्हणतात, आणि खडकावर बसून तंबाखू मळता मळता या खिंडीची हकीकत सांगतात.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. हिरडेवाडीत ठकी आणि झिमी अशा दोघी बहिणी होत्या. आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा ठकी दहा वर्षांची होती आणि झिमी अजून रांगत होती. ठकीनं तिला कडेवर घेऊन लोकांची गुरं राखली, नाचणीची आंबील पाजून वाढवली. पुढं ठकीचं लग्न पेढवळच्या देवजीशी झालं. झिमी चुलत्याकडं राहिली, पण तिचा अर्धा जीव खालीच असे. पंधरा दिवस झाले की पोरगी उड्या मारत घाट उतरायची, बहिणीच्या कुशीत निजायची आणि सकाळी परत चढून जायची.

ठकीला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला वरच्या रानातली कुरडूची भाजी खावीशी वाटली, म्हणून तिनं एका बाईकडून निरोप धाडला. निरोप मिळाला तशी झिमी फडक्यात भाजी बांधून निघाली. श्रावणाचे दिवस. खिंडीत धुकं असं बसलेलं, की स्वतःचा हात दिसू नये. इथं वाटेला दोन फाटे फुटतात. डावा गावाकडं उतरतो, उजवा थोडं पुढं जाऊन कड्याला संपतो. झिमी उजवीकडं गेली. तीन दिवसांनी धुकं हटलं, तेव्हा ती कड्याच्या पायथ्याशी सापडली. तेरा वर्षांची होती.

लोकांनी ठकीला समजावलं. दरसाल एखाददुसरं माणूस त्या कड्यावरून जातच होतं. डोंगराचा भोग आहे, म्हणायचे. यथाकाळ ठकीला मुलगी झाली. वर्ष फिरलं, खिंडीत पुन्हा धुकं उतरलं, त्या सकाळी तिनं लेकीला पाठीशी बांधलं आणि घाट चढून या फाट्यावर उभी राहिली. "इकडं या! वाट इकडं आहे!" म्हणून दिवसभर ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. आठ दिवसांत तिचा आवाज पार बसला.

मग ती देवळाची घंटा मागायला गेली. देवाची घंटा रानात टांगायची नसते, असं पंचांनी सांगितलं. ठकी घरी आली. लावणी उरकून नांगर गोठ्यात पडला होता. तिनं त्याचा फाळ काढला, डोक्यावर घेऊन घाट चढली आणि वेलीच्या दोरानं हिरड्याला टांगून दगडानं ठोकू लागली.

"सुनेला वेड लागलं," सासू गावभर सांगत सुटली. देवजीनं आधी समजावलं, मग दम दिला. "मेलेली बहीण परत येणार आहे का?"

"नाही येणार," ठकी म्हणाली. "पण ती आली त्या दिवशी इथं कोणी नव्हतं. आता कोणीतरी असणार."

एकदा देवजी बैलाच्या सौद्यासाठी हिरडेवाडीला गेला होता. परतताना बायकोला दंडाला धरून घरी न्यायचं, नाही आली तर कायमचं सोडून द्यायचं, असं मनाशी ठरवूनच तो निघाला. खिंडीजवळ त्याला धुक्यानं गाठलं. फाळाचा आवाज कानावर येत होता, पण तो चिडलेला. लहानपणापासूनची वाट, मला कोण दाखवणार, अशा तोऱ्यात चालत राहिला. आणि पायाखालचा एक धोंडा सुटला. देवजी कान देऊन थांबला. धोंडा पडल्याचा आवाज किती तरी वेळानं, खूप खालून आला.

तो तिथंच खाली बसला. फाळ डाव्या अंगाला वाजत होता. त्या आवाजाकडं तोंड करून तो गुडघ्यांवर रांगत निघाला, ते थेट हिरड्याच्या बुंध्याला हात लागेपर्यंत.

"कोण आलं?" ठकीनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

देवजीच्या तोंडून स्वतःचं नाव निघेना. तो म्हणाला, "झिमी आली, असं समज."

ठकीच्या हातातला दगड थांबला. देवजीनं तो काढून घेतला आणि म्हणाला, "पोर रडतेय. तू तिला पाज. मी वाजवतो."

त्या सालापासून घरोघरच्या पाळ्या लागल्या. ज्या घराची पाळी, त्याच्या शेतातलं काम त्या दिवशी शेजाऱ्यांनी करायचं, असं दोन्ही गावांनी ठरवलं. त्यानंतर कड्यावरून माणूस गेला नाही, असं सांगतात.

आता पलीकडून डांबरी रस्ता झाला आहे, पायवाटेनं फारसं कोणी येत नाही. तरी आजही खिंडीत धुकं उतरलं की पाळीचं माणूस इरलं घेऊन हिरड्याखाली जाऊन बसतं आणि फाळ वाजवतं. धुक्यात पावलं वाजली की विचारतं, "कोण आलं?" येणारा मग दुधाचे कॅन घेतलेला गवळी असो, टपालवाला असो, नाहीतर मिशीवाला फौजदार. तो आधी आपलं नाव सांगत नाही. "झिमी आली," म्हणतो, आणि डाव्या वाटेनं गावाकडं उतरतो.