सोळातल्या चार

"लग्न झालंय ना तिचं? मग ते चार आकडे काढून टाक म्हटलं की टाकेल. आधीची राहिली आहे का ती आता?"

हे बोलणं शाल्मलीसाठी नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या उंच लोखंडी कपाटाच्या पलीकडे विभागप्रमुख सबनीस सर आणि तिच्या मार्गदर्शक हर्डीकर मॅडम चहा पीत उभे होते. अलीकडे, यंत्राचे जबडे फडक्यानं पुसत, ती.

तिनं दोन्ही मनगटं पोटाशी दाबून धरली. लग्नाला सव्वीस दिवस झाले होते, हिरवा चुडा भरगच्च होता, आणि एक जरी काच किणकिणली असती तर...

"पण सर, आकडे तिनं नीट घेतलेत," मॅडम हळू म्हणाल्या.

"आणि सूत्र मी नीट मांडलंय. वीस वर्षं चालतंय ते. चार पट्ट्यांसाठी बदलू?"

कपबशी ठेवल्याचा आवाज आला, पावलं गेली.

शाल्मली मुळातच कमी बोलणारी. सासरी तिला 'गुणाची' म्हणत, विभागात 'समजूतदार'. दोन्हीकडे अर्थ एकच होता.

काम सांगायला सोपं होतं. तांब्याची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि ओढायची. थोडी ओढून सोडली तर ती पुन्हा पहिल्यासारखी होते. एका मर्यादेपलीकडे ओढली की मग नाही, लांबलेलीच राहते. ती मर्यादा किती जोराला येईल, हे सबनीस सरांचं सूत्र आधीच सांगायचं. सोळा पट्ट्यांपैकी बारा जणींनी सूत्राचा मान राखला. चार जणी मात्र दीडपट जोर लावला तरी ढिम्म.

शुक्रवारी समितीची बैठक होती, मुदतीतली शेवटची. सर आणि मॅडम, दोघांच्या सह्या झाल्या तर प्रबंध पुढे जाणार. नाहीतर नोंदणी रद्द, आणि तीन वर्षांचं काम त्याच लोखंडी कपाटात.

आणि खरं सांगायचं तर ते चार आकडे तिलाही नकोसे झाले होते. फक्त खोटं न बोलता काढता आले असते तर बरं, इतकंच.

त्यासाठी कुणाची तरी चूक हवी होती. गुरुवारी दुपारी ती चूक शोधायला ती तांबट आळीत गेली.

वामन मास्तरांनी संस्थेच्या लोहारशाळेत तीस वर्षं भावी इंजिनियरांना हातोडा धरायला शिकवलं होतं. आता घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांच्या भांड्यांचे पोचे काढत. विभागाला तांब्याच्या पट्ट्या मात्र अजून तेच कापून देत.

"मास्तर, त्या सोळातल्या चार पट्ट्यांना तुम्ही काही केलं होतं का?"

ठक्... ठक्... हातोडा थांबला नाही.

"आधी भट्टीपासून मागे सर. चुडा घालून आचेशी येतेस? काच तापली की कळेल."

ती मागे सरली. "मास्तर, चार पट्ट्या..."

"केलं होतं."

येताना रिक्षात तिनं सगळी उलटतपासणी मनात मांडून ठेवली होती. ते नाही म्हणणार, मग ती हे विचारणार, मग ते अडकणार. सगळी वाया गेली.

"पत्रा कापून घेऊन येत होतो," मास्तर म्हणाले. "सहाआसनी रिक्षा. एक गृहस्थ चढले आणि पुडक्यावर बसले. चांगले भारदस्त होते. चार वाकल्या."

"मग?"

"मग घरी आणल्या, लाकडी हातोड्यानं सरळ केल्या, दुसऱ्या दिवशी तुला दिल्या. तू एकेक डोळ्यासमोर धरून पाहिलीस. काय म्हणालीस?"

तिला आठवलं. नको असताना आठवलं.

"सुरेख सरळ आहेत, म्हणाले."

"सोळाही?"

"...सोळाही."

पण मनावरचं ओझं उतरलं होतं. चूक सापडली होती, आणि चूक करणारा ती कबूलही करत होता. तिनं पर्समधून टाइप केलेला कागद काढला.

"मग एवढी सही द्या, मास्तर. माझं काम झालं."

मास्तरांनी कागद हात लांब करून वाचला. 'सदर चार नमुने सदोष होते, सबब ते विचारात घेऊ नयेत.'

"सदोष म्हणजे?"

"बिघडलेले."

"हं..."

त्यांनी कागद मांडीखाली सरकवला. मग चिमट्यानं भट्टीतून एक तांब्याची कांब ओढली. करंगळीएवढी जाड, हातभर लांब, लालभडक. पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं. पुसली आणि तिच्या हातात दिली.

"वाकव."

शाल्मली हसली. "मास्तर, मी शिकायला नाही आले. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते."

"मग तर सोपं जाईल."

तिनं वाकवली. कांब इतकी मुकाट्यानं वाकली की तिला उगाच अपराधी वाटलं.

"आता सरळ कर."

तिनं जोर लावला.

कांब हलेना.

तिनं टोकं घट्ट धरली, बाक गुडघ्यावर टेकवला, ओठ आवळून रेटा दिला. बाक होता तसाच. त्याच्या शेजारी, जिथं कांब सरळ होती, तिथं एक नवाच बाक आला. आणि टक् करून एक बांगडी वाढली.

हिरवे तुकडे जमिनीवर पडले. मास्तरांनी ते एकेक वेचून पुठ्ठ्यावर ठेवले.

"लागली नाही ना?"

"नाही."

"बरं, हिचं काय बिघडलं सांग."

शाल्मलीनं तोंड उघडलं. तिच्याकडे उत्तर होतं. प्रबंधाची सात पानं होती, त्यात समीकरणं होती, आलेख होते... तिनं तोंड मिटलं.

"बिघडलं काही नाही," ती म्हणाली. "कडक झाली."

"कशानं?"

"वाकल्यानं."

"मग सदोष कशाला लिहितेस?"

बाहेर कुणीतरी भांड्याचा भाव करत होतं.

"पण मास्तर, सरांचं सूत्र कोऱ्या तांब्याचं आहे. ज्याला कधी कुणी हात लावला नाही, अशा."

मास्तरांनी भिंतीशी रचलेल्या ढिगाकडे हातोडा केला. बंब होते, हंडे होते, कान निखळलेलं घंगाळ होतं.

"त्यातलं कोरं काढून दे मला."

ती उठली. हे काळवंडलेलं, ते चेपलेलं. शोधता शोधता ढिगामागे एक तपेलं सापडलं, आरशासारखं. आतबाहेर अंगभर सारखं मठारलेलं, हातोडीचे बारीक ठसे ओळीनं उमटलेले. तिनं ते त्यांच्यासमोर ठेवलं. थोड्या विजयानं.

"हे होय? आहेरातलं आहे. लग्नाला महिना नाही झाला, हातातून पडलं. कालच पोचा काढला."

"कुठे होता?"

"बघ की."

तिनं बोटं फिरवली. आतून, बाहेरून, काठाखालून. तपेलं उजेडाकडे धरलं, तिरकं केलं. तीन वर्षं तांबंच पाहत आलेली बाई, तिला तो पोचा सापडेना.

"सांगा ना, कुठे होता?"

"ते मला ठाऊक," मास्तर म्हणाले. "आणि भांड्याला."

तिनं तपेलं खाली ठेवलं. आवाज होऊ नये इतक्या हळू.

"तापवलं तर पुन्हा कोरं होतं," ती म्हणाली. तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

"होतं की. पण लाल होईस्तोवर तापवावं लागतं. तुझे सर त्या पट्ट्या तापवायला सांगतायत का?"

"नाही. काढायला सांगतायत."

"ते आपलं बरं असतं."

मास्तरांनी पुन्हा हातोडा उचलला. ठक्. ठक्. कागद मांडीखालीच होता.

शाल्मली उभी राहिली... बसली... मग हात पुढे केला.

"तो कागद द्या."

तिनं पेन काढलं. 'सदोष' खोडलं. वर लिहिलं, 'वाकवून सरळ केलेले'. 'विचारात घेऊ नयेत' खोडलं. त्याच्या जागी काय लिहावं, हे सुचेना. तिनं काहीच लिहिलं नाही.

मास्तरांनी सही केली. अंगठ्याची काजळी कागदाला लागली.

"आणखी एक कांब तापवून द्याल?"

"कुणाला?"

"सरांना."

मास्तर पहिल्यांदा हसले. "वाकवतील हो. वाकवतात सगळेच."

आणि त्यांनी कांब भट्टीत सरकवली.

संध्याकाळी सासूबाईंची नजर मनगटावर गेली.

"कशानं वाढली गं?"

"तांब्यानं," शाल्मली म्हणाली, आणि कुकर लावायला घेतला.

शुक्रवारी समितीच्या खोलीत तिघंच होते. सबनीस सर खुशीत होते. मॅडम कागद सारखे करत होत्या, जे आधीच सारखे होते.

पडद्यावर आलेख आला. रेघेवर बारा ठिपके, आणि वर, रेघेला न जुमानणारे, चार.

"हे अजून इथंच?" सर म्हणाले. "मॅडम, तुम्ही सांगितलं नाहीत हिला?"

"सांगितलं होतं," मॅडम आलेखाकडे न बघता म्हणाल्या.

शाल्मलीनं मास्तरांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, मग प्रश्नच मिटला! नमुनेच खराब होते. काढून टाक. एवढ्यासाठी आम्हाला दोन महिने छळलंस होय?"

तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली कांब काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे काय? सासरहून लाटणं आणलंस की काय?" सर मॅडमकडे बघून हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"सर, जरा वाकवता?"

"मी?"

"तुम्हीच."

सरांनी कांब दोन्ही हातांत धरली आणि मजेत वाकवली. "घे. लोणी आहे नुसतं. पुढे?"

"आता सरळ करा, सर."

"त्यात काय..."

त्यांनी जोर लावला. चष्मा सावरला. पुन्हा लावला. मग बाही मागे सारली आणि कांब टेबलाच्या कडेला टेकवून वरून भार दिला. टेबल करकरलं. पहिला बाक होता तिथंच होता, शेजारी दुसरा आला. कांब आता नागमोडी दिसत होती, आणि सरांचा चेहरा कालच्या भट्टीतल्या कांबेसारखा.

हर्डीकर मॅडमनी हात पुढे केला, पहिल्या बाकावरून बोट फिरवलं, आणि बोट तिथंच ठेवलं.

"ही गेली कामातून," सर धापा टाकत म्हणाले. "दुसरी आण. कोरी. मग दाखवतो."

"कोरी कुठून आणू, सर?"

"हे बघ." सरांनी कांब बाजूला सारली. आवाजात आता गंमत नव्हती. "तुला मुदत माहीत आहे. तुझा नवा संसार आहे, घरी माणसं आहेत. कशाला ताणतेस? चार आकडे काढ, दोन सह्या घे आणि मोकळी हो. नाही काढलेस तर माझी सही नाही. मग काय करशील?"

तीन वर्षांत या खोलीत ती 'हो सर' याशिवाय फारसं काही बोलली नव्हती.

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. एका मनगटात एक बांगडी कमी होती. बाकीच्या किणकिणल्या, आणि या वेळी तिनं त्यांना किणकिणू दिलं.

"परवा कपाटापलीकडे तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, सर. आधीची राहिलेली नाही ती. चारही आकडे राहतील."