काहिलीवरची मळी

एकदा एक गुळाचा व्यापारी एका वृद्ध शल्यचिकित्सकाकडे आला. जठरात कर्करोग होता आणि त्याचे डाग यकृतावरही उमटले होते. "डॉक्टरसाहेब, कापून काढा. उद्याच काढा," तो म्हणाला. बाजारात शब्द चालणाऱ्या माणसाला थांबायची सवय नसते.

"आधी केमो, मग शस्त्रक्रिया," वृद्ध म्हणाले. त्यांचा शिष्य मनातून चरफडला. रोग समोर दिसतो आहे आणि सर सलाइन लावताहेत!

केमोने व्यापाऱ्याचे केस गेले, अन्नावरची वासना गेली. ज्या जिभेवर ढेपेची पारख होई, तिला गूळ मातीसारखा लागू लागला. पण डाग आकसले. शिष्य हरखला, शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. त्या दिवशी वृद्धांनी आधी दुर्बिणीने पोटात पाहिले आणि काही न कापता टाके घातले. पोटाच्या अस्तरावर सर्वत्र बारीक दाणे पसरले होते.

"सर, आपण थांबलो म्हणून हे झालं," शिष्य बाहेर येऊन म्हणाला. "तेव्हाच कापलं असतं तर?"

वृद्ध बाकावर बसले. "गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या उसाच्या रसात भेंडीचं पाणी घालतात. दडलेली मळी वर येते, मग झारा चालतो. काहींची मळी काढली की रस निवळतो. अशांची पोटं मी उघडली आहेत, त्यांना वर्षं मिळाली आहेत. याची येतच राहिली. ती तेव्हाही आत असणार, आपल्याला दिसत नव्हती. कापलं असतं तर जखम भरण्याआधीच ती वर आली असती. असं मला वाटतं. छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तेच फार जड जातं रे."

मग दोघे व्यापाऱ्याच्या खाटेपाशी गेले. वृद्धांनी काहीही न लपवता सांगितले, तेही गुऱ्हाळाच्याच भाषेत. "मळी येतच राहिली, शेठ. आता झारा चालवून उपयोग नाही."

व्यापाऱ्याच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. "मग काहिलीखालचा जाळ ओढून घ्या, साहेब," व्यापारी म्हणाला. "करपू देऊ नका."

केमो थांबली, तो घरी गेला. काही आठवड्यांनी निरोप आला, की गूळ पुन्हा गोड लागतो आहे. त्यानंतरचा निरोप, व्यापारी गेल्याचा, शिष्यानेच घेतला. तो सरांना सांगायला गेला तेव्हा त्याने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. नुसता त्यांच्याशेजारी बाकावर बसला.