तेरावी कामटी

एकदा एक बाई एका वृद्ध गुरुजींच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "गुरुजी, माझं गणित सातवीत राहिलंय. ते परत मिळेल का?"

बाई बांबूच्या टोपल्या विणायची. वय पस्तिशीचं. दहावीला बाहेरून बसण्यासाठी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. इतर विषयांची तिला धास्ती नव्हती. गणिताचं पुस्तक मात्र ती लेकीच्या दप्तरातून काढायची, चाळायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. सुटलेल्या गावाची एसटी समोरून निघून जाताना पाहावी, तशी त्या पानांकडे पाहायची.

गुरुजी रोज दुपारी ओसरीवर फळा टेकवून शिकवू लागले. शेवटी विचारत, "समजलं का, सारिका?"

"हो, गुरुजी."

दोन महिने हेच उत्तर. आणि वहीतलं जवळजवळ प्रत्येक गणित चुकलेलं. खोडून खोडून कागदाला भोकं पडलेली. एक दिवस तिने वही मिटली. "उद्यापासून येत नाही. माझं डोकंच नाही ह्याला. उगाच तुम्हाला त्रास."

गुरुजींनी तिची समजूत घातली नाही. ते म्हणाले, "बरं. जाण्याआधी मला टोपली विणायला शिकव."

"ह्या वयात?"

"तुझं वय गणिताला चालतं, माझं टोपलीला का नाही?"

ती हसली. दुसऱ्या दिवशी बांबू घेऊन आली. सहा लांब कामट्या मधोमध एकमेकींवर टाकून तिने टोपलीचं बूड बांधलं. चहूबाजूंना बारा टोकं निघाली. "आता ह्यातलं एक टोक उभं चिरायचं, म्हणजे तेरा होतील. मग ह्या पातळ पट्टीने विणायला घ्यायचं," तिने सांगितलं.

गुरुजींनी टोक चिरलंच नाही. बारावरच विणू लागले. वीण धरेना, पट्टी सरकून हातात आली. तिने उसवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा. तिसऱ्या दिवशीही बारा.

"अहो गुरुजी, दुखतंय का तुम्हाला ते टोक चिरायला!" ती वैतागली. "तेरा करा म्हणते ना!"

"का पण? बारांत वाईट काय?"

तिने त्यांच्या हातातली पट्टी घेतली. "हे बघा. पट्टी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून जाते. बारा असल्या की फेरा पुरा होतो आणि पहिलीपाशी पट्टी पुन्हा पुढूनच येते. पुढची कायम पुढे, मागची कायम मागे. मग वीण अडकणार कशात? तेरा असल्या की दुसऱ्या फेऱ्याला ती आपसूक मागून जाते. अकरा चालतील, पंधरा चालतील. बारा-चौदा जन्मात चालायच्या नाहीत."

"आणि शंभर?"

"शंभरही नाहीत," ती क्षणभरही थांबली नाही. "विणून बघायची गरजच नाही."

गुरुजींनी कामट्या बाजूला ठेवल्या.

"सारिका, आत्ता तू जे केलंस, त्याला आम्ही सिद्धता म्हणतो. डोकं नसलेल्याला ती जमत नसते. मी तीन दिवस चुकलो, पण 'असाच नियम आहे, गप विणा' असं तू म्हणाली नाहीस. मी 'का' विचारलं आणि तू मला कारण दिलंस. मी मात्र तीस वर्षं वर्गात नियम दिले, कारणं दिली नाहीत. अभ्यासक्रम संपवायची घाई असायची. एक मुलगा होता, नेहमी वेगळ्या रीतीने गणित सोडवायचा. त्याला म्हटलं, पुस्तकातल्यासारखं कर, नाहीतर बस खाली. तो बसला. पुढे कधीच उठला नाही. अजून वाटतं, तो एकदा दारात यावा आणि त्याची ती रीत मला दाखवावी." त्यांनी चष्मा पुसला. "तुला कुणी खाली बसवलं होतं?"

ती पट्टीशी चाळा करत राहिली. "सातवीत. मी काहीतरी विचारलं होतं. सर म्हणाले, पाठ कर. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून कुणीही विचारलं, समजलं का, की मी हो म्हणते."

"काय विचारलं होतंस?"

खाली पाहत तिने वही उघडली. गुरुजींनी नवं गणित सोडवून दाखवलं आणि सवयीने विचारलं, "समजलं?"

तिचा उजवा हात हळूहळू वर गेला, वर्गात जातो तसा, जणू ओसरीवर साठ मुलं बसली होती.

"नाही, गुरुजी. ऋण गुणिले ऋण धन का होतं?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. गणित मागायला आलेली सातवीतली मुलगी आत्ता कुठे ओसरीवर पोचली होती.

आपल्या वर्गांमधून असे किती हात वर यायचे राहिलेत, आणि आपण अजून होकारच मोजतो आहोत.