टोपलीभर माती आणि डोंगरचा सरदार

समुद्राच्या अगदी मधोमध, जिथून दुसरी जमीन नजरेसही पडत नाही अशा ठिकाणी, फार पूर्वी पोवळ्यांचं एक बेट होतं. बांगडीसारखं गोल. मधे निळं शांत पाणी आणि सभोवती वाळूची चिंचोळी कड. डोंगर नाही, नदी नाही, आणि माती तर औषधालासुद्धा नाही.

तरी माणसं तिथे येऊन राहिली. पहिली होडी दूरच्या डोंगराळ बेटावरून आली. त्या लोकांनी येताना टोपलीभर माती आणली होती. त्यांनी वाळूत मोठा खड्डा खणला आणि गोडं पाणी लागताच हात आवरले, कारण आणखी खोल गेलं की खारं पाणी वर येई. मग त्यात माती घालून अळू लावलं. तेव्हापासून रीतच पडली. डोंगराळ बेटावरून जी नवरी येईल, तिच्या अंगावर दागिना नसला तरी चालेल, पण टोपलीभर माती हवीच. शिवाय घरोघरचा पालापाचोळा, मासळीचे काटे आणि गेलेल्या माणसांची राखही त्याच खड्ड्यात पडायची. सगळं गाव त्या अळवावर जगत होतं.

एके दिवशी डोंगराळ बेटाचा सरदार गलबतं घेऊन आला. ते निळं शांत पाणी पाहून त्याला हाव सुटली. गलबतं नांगरायला अशी जागा शोधून सापडायची नाही! पण राहत्या माणसांना उठवायचं कसं? त्याने शक्कल लढवली.

"ह्या खड्ड्यातली माती माझ्या डोंगराची आहे," तो गरजला. "माती परत करा, नाहीतर बेट सोडा!"

गावचा मुखिया पुढे आला. माती गेली की अळू गेलं, आणि अळू गेलं की गाव उपाशी. तो हात जोडून विनवू लागला. तेवढ्यात त्याची धाकटी सून खड्ड्यात उतरली आणि अळवाच्या पानांत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं माहेर सरदाराच्याच बेटावर होतं. गेल्याच वर्षी तीही आपली टोपली घेऊन ह्या गावात आली होती.

सरदाराने तिला ओळखलं. "अगं, तू तर आमची पोर! चल, बस होडीत. नदीकाठची काळीभोर जमीन देतो तुला. ह्या वाळूत काय ठेवलंय?"

सुनेच्या डोळ्यांपुढे आईचं दार आलं. पण तिने मान हलवली. "मी नाही येणार."

"सूनबाई, वर ये गं," मुखिया काकुळतीला आला. "थोरामोठ्यांशी वाद नको."

"मामंजी, आज माती दिली तर उद्या पाणी मागतील." मग ती सरदाराकडे वळली. "माती तुमची ना? खुशाल न्या. पण तुमची तेवढीच न्या. आमचा पाला, आमच्या मासळीचे काटे, आमच्या माणसांची राख, ह्यातला कणही उचलायचा नाही. बसा निवडत!"

"उपसा रे सगळं!" सरदार कडाडला.

खलाशी खड्ड्यात उतरले. पण त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मूठभर माती उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. "सरदार, ह्यात मेलेल्यांची राख आहे. आम्ही हिला हात लावणार नाही. आणि ही आपली माती राहिलीय तरी कुठे?"

एकेक करत सगळे खलाशी वर आले. सरदाराचा चेहरा काळाठिक्कर पडला. जाता जाता त्याने सुनेला बजावलं, "आजपासून तुझं माहेर तुटलं. माझ्या बेटावर पाऊल टाकायचं नाही!"

तिला रडू कोसळलं. ते तिने लपवलं नाही. रडत रडतच ती ओरडली, "नाही टाकत! पण इथलं पाऊलही मागे घेत नाही!"

गलबतं दिसेनाशी झाली. सुनेने मनगटाने डोळे पुसले आणि तुडवली गेलेली रोपं पुन्हा लावायला घेतली. मुखिया तिच्या शेजारी उतरला, आणि त्याच्या मागोमाग सगळं गाव.

तात्पर्य: जमीन आली कुठून, असं दरडावणारे पुष्कळ भेटतात. तिला पोसलं कोणी, हे त्यांना ठणकावून विचारावं.