फांगच्या घराचा कापलेला कोपरा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, शप्पथ. म्हणजे शपथ माझ्या आजोबांनी घेतली होती, आणि तेव्हा त्यांनी थोडी घेतलेली होती. पण कोपरा खरा आहे. हात लावून बघा, काका.

आमच्या गावात सगळ्या घरांच्या भिंती पांढऱ्या, उंच, वर काळी कौलं. गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन छत्र्या शेजारून जात नाहीत. आणि या वळणावर फांगच्या घराचा कोपरा खालून तिरका कापलेला. डोक्याच्या वर मात्र अख्खा, टोकदार. का? तर असं सांगतात.

फांगने घर बांधताना भिंत हातभर गल्लीत सरकवली. समोर लुओ राहायचा, टोफू विकायचा. त्याची हातगाडी रोज या कोपऱ्याला अडायची, टोफू मातीत जायचा.

लुओ म्हणायचा, "कोपरा काढ."

फांग म्हणायचा, "गाडी बारीक कर."

अशी अर्धी हयात गेली.

आमच्याकडे म्हातारी माणसं आपली शवपेटी आधीच करून घरात ठेवतात. एका सकाळी लुओ तीत जाऊन झोपला आणि बायकोला म्हणाला, "रड." ती रडली. छान रडली म्हणे. पेटी निघाली, कोपऱ्यावर अडकली. निघालेली पेटी मागे नेत नाहीत.

लुओ आत हसू दाबून पडलेला. तेवढ्यात फांग आला आणि त्याने पेटीवर डोकं टेकवलं. "लुओदादा, भिंत मी मुद्दाम सरकवली. तुझा टोफू पडला की खिडकीतून हसायचो. आता माफी कोणाची मागू?" मग त्याने स्वतः छिन्नी घेतली आणि खांद्यावरची पेटी जाईल एवढी भिंत रडत रडत फोडली.

लुओचं हसू तिथेच गेलं. आता उठून काय सांगणार, गंमत केली? टेकडीवर, पुरायच्या आधी, गुपचूप पेटीतून निसटला, चहाच्या मळ्यातून घरी आला आणि माळ्यावर लपला. रिकामी पेटी पुरली गेली.

फांग रोज लुओच्या घरी येऊन त्याच्या नावाच्या पाटीपुढे जेवण ठेवायचा, गेलेल्या माणसाला ठेवतात तसं. ताट रिकामं दिसलं की म्हणायचा, "दादाने आजही घेतलं." माळ्यावर लुओच्या घशाखाली घास उतरत नसे. तरी जाड झाला म्हणे.

शेवटी फांग अंथरुणाला खिळला. लुओ धावत गेला, खरं सांगून माफी मागायला. फांगने डोळे उघडले, त्याला बघितलं. "न्यायला आलास, दादा? बरं झालं," म्हणाला, आणि गेला.

लुओची माफी तोंडातच राहिली. पुढे मरेपर्यंत तो रोज येऊन या कोपऱ्याला ती सांगायचा. आजही इथून जाणारा आपली राहिलेली माफी या भिंतीपाशी मागतो.

तर काका, गोष्ट ऐकलीत, आता द्या. पाकीट खिशात ठेवा हो, पैसे नकोत. कोणाची माफी राहिलीय? आणि तो माणूस जिवंत असेल, तर भिंतीला सांगून चालत नाही. गल्लीच्या टोकाला रेंज येते. आम्ही थांबतो.