दादाचा शंख

फार पूर्वी इंडोनेशियातल्या एका चिमुकल्या बेटावर शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं गाव होतं. कोणी मेलं की सगळे उंचीनं रांगेत उभे राहत आणि प्रत्येक जण पुढच्याचा रिकामा शंख घेई.

मेल्कीच्या दादाला बगळ्यानं शंखातून ओढून नेलं. मेल्कीनं डोळे पुसायच्या आत शंखापाशी रांग लागली.

"सरक रे पोरा, किती खोळंबायचं?" रांगेतला पहिला, एक म्हातारा, कुरकुरला. "माझी पाठ बाहेर आलीये."

"आजोबा, सकाळी तो माझ्याशी बोलला होता हो!"

"मग? आम्ही काय करू?"

मेल्की भडकला. आपला शंख टाकून तो दादाच्या शंखात घुसला.

"अरे मूर्खा, ढगळ आहे तो! तुझ्या एवढ्याशा नांगीनं त्याचं तोंडसुद्धा झाकलं जात नाही."

"राहू दे उघडं!"

रांग वैतागून पांगली. म्हातारा मात्र बडबडत परतला आणि त्या उघड्या तोंडापाशी आपली मोठी नांगी आडवी धरून बसला.