दोन्ही पाटलांनी सोडलेली शीव

चिंचदऱ्याकडून येणारा नांगर या बाभळीपाशी वळतो. बोरवंडाकडून येणारा त्या पांढऱ्या धोंड्यापाशी वळतो. मधली ही पट्टी, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी, कुणीच नांगरत नाही. आता आमची दोन्ही गावं काही साधुसंतांची नव्हेत. बांध कोरून शेजाऱ्याचं वीतभर रान खायचं, हा आमचा पिढीजात धंदा. तरी एवढी काळीभोर जमीन मोकळी पडली आहे, मधोमध गोड पाण्याचा झिरा आहे, आणि तिच्यावर कुणाचा फाळ चढत नाही. पाहुणे विचारतात, ही कुणाची? आम्ही सांगतो, मास्तराची. एका साहेबांनी विचारलं, मग मास्तर कुठं भेटतील? त्यांना कडेचं ते थडगं दाखवलं. बिचारे टोपी काढून उन्हात उभे राहिले. तुम्ही सावलीला बसा. सांगतात ते असं.

शांतवन मास्तर मूळचा चिंचदऱ्याचाच. कोंडू वेसकराचा पोरगा, पाळण्यातलं नाव सटवा. वेसकर म्हणजे गावच्या वेशीचा राखणदार, आणि शिवेचाही. नकाशे साहेबाच्या पेटीत असत, पण गावाची हद्द वेसकराच्या पायांत असे. दोन गावांचं भांडण लागलं की त्याला बोलवायचं. देवीचा भंडारा कपाळाला लावून, शिवेची माती डोक्यावर घेऊन तो अनवाणी चालायचा, आणि तो चालेल ती शीव. खोटं चालला तर पाय जागीच रुततात म्हणे. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्याच पायांवर अख्ख्या गावाची हद्द उभी. आमच्या वाडवडिलांना यात काही वावगं वाटत नव्हतं. हुशार माणसं होती.

कोंडूनं पोराला शीव शिकवली ती अशी, की प्रत्येक खुणेपाशी एक सणसणीत चापट. ओढ्याचं वळण, चापट. वारूळ, चापट. मार बसलेली जागा माणूस विसरत नाही. मास्तर झाल्यावर शांतवननं ही रीत शाळेत आणली नाही. आणली असती तर आमची गावं जरा बरी निघाली असती, असंही काही जण म्हणतात.

पुढं कोंडू पटकीच्या साथीत गेला आणि पोरगा नगरला मिशनाच्या शाळेत गेला. शिकला, बाप्तिस्मा घेतला, शांतवन झाला. परत आला तेव्हा अंगात काळा कोट, काखेत पाट्यांचं गाठोडं, हातात एकतारी. वेशीत बयाजी पाटील बसले होते. रिवाज असा, की वेसकराच्या पोरानं लांबूनच वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं. हा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सलाम, पाटील."

पाटलांच्या हातातली चिलीम विझली, असं सांगतात. चिलीम विझायला दुसरंही कारण असेल. बयाजी पाटील तंबाखूत चिंचेचा पाला कालवून ओढायचे.

मास्तरानं महारवाड्यातल्या लिंबाखाली शाळा मांडली. सकाळी पोरांना मुळाक्षरं, आणि रविवारी थोरांना एकतारीवर प्रभूची गाणी. गळा असा, की निष्पाप माणसालाही पश्चात्ताप व्हावा. पण पोरं जमली. महिना सरायच्या आत पाटलाची माणसं आली, पाट्या फोडल्या, लिंबाखाली काटे पसरले. निरोप असा, की चिंचदऱ्याच्या शिवेत शाळा नको. मास्तर पोरं घेऊन बोरवंडाला गेला. तिथले हैबती पाटील म्हणाले, चिंचदऱ्याचा केर माझ्या दारात नको. मग मास्तर या पट्टीवर येऊन बसला.

का, तर या गवताच्या पट्टीसाठी दोन्ही गावं तीन पिढ्या भांडत होती. ती नक्की कुणाची ते ठरलंच नव्हतं. इथून हाकलायचं तर आधी 'ही माझी' म्हणावं लागणार, आणि 'माझी' म्हटलं की शाळाही आपल्याच शिवेत आली. दोन्ही पाटील अडकले. बाजारात भेटले की हैबती पाटील विचारायचे, "काय बयाजीराव, तुमच्या शिवेत देऊळ बांधताय म्हणं साहेबाचं?" आणि बयाजी पाटील म्हणायचे, जागा तुमची, कळस तुम्हीच चढवा. ज्या गवतासाठी डोकी फुटली होती, ते दोघं एकमेकांना दान करू लागले.

शेवटी देवीच्या जत्रेत, सगळ्या पंचक्रोशीसमोर, बयाजी पाटलांनी भंडारा उचलला. शपथ घेतली, की चिंचदऱ्याची शीव बाभळीशी संपते, शाळेची जागा आमची नाही. हैबती पाटील मागं राहतात होय? त्यांनीही भंडारा उचलला. बोरवंडाची शीव पांढऱ्या धोंड्याशी संपते, ती जागा आमचीही नाही. दोघं जिंकल्यासारखे घरी गेले. बाभूळ आणि धोंडा यांच्या मधे काय उरलं, याचा हिशोब कुणी केला नाही. जत्रेच्या कडेला मास्तर एकतारी घेऊन उभा होता. त्याचं गाणं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं, म्हणून त्याला सगळं नीट ऐकू आलं.

मग पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरंही कोरडं. शाळेतल्या पोरांना तशीही कुठल्या विहिरीवर चढायची मुभा नव्हती. ती ओढ्यातल्या डबक्यातून पाणी आणत, ते डबकंही आटलं. तेव्हा मास्तरानं पट्टीच्या सखल जागी खणायला घेतलं. पोरं हातांनी माती उपसत होती, मास्तर कोट काढून खाली उतरला होता. कमरेइतकं खणलं आणि तळ ओला झाला. मग बोटाएवढी धार लागली. आधी गढूळ, मग नितळ, मग गोड. मास्तर गुडघ्यांवर बसला, पोरं बसली, आणि तोंड धुवायच्या आधी त्यांनी प्रभूची उपकारस्तुती केली.

वास लागावा तसा दोन्ही गावांना पाण्याचा सुगावा लागला. गावांतल्या विहिरींचा खडक उघडा पडला होता. आणि एकाएकी दोन्ही पाटलांना आठवलं, की ही पट्टी आपल्याच वाडवडिलांची.

पंचक्रोशीचे पंच बसायचं ठरलं. शीव चालायला वेसकर हवा, आणि शीव पाठ असलेला एकच माणूस जिवंत होता. त्यावरही वाद झाला. बाप्तिस्म्याच्या पाण्यात याची जात धुतली गेली, तर पायातली शीव राहिली की तीही गेली? एकानं सांगितलं, साहेब पाणी फक्त डोक्यावर शिंपडतो, पायांपर्यंत जात नाही. ते सगळ्यांना पटलं.

सभेच्या आधी बयाजी पाटील पट्टीवर आले. पहिल्यांदाच. म्हणाले, झिरा आमच्या बाजूला धरून चाल, गावात शाळा बांधून देतो. चार भिंती, वर कौलं. चाललास वाकडं, तर महारवाड्यातलं एक पोर तुझ्याकडं फिरकणार नाही, याची तजवीज करतो. ते जातात न जातात तोच हैबती पाटलांचा माणूस आला. तेच बोलला, फक्त कौलं इंग्रजी घालू म्हणाला. पाद्री साहेबांनी नगरहून निरोप धाडला, की देवीची शपथ घेऊ नकोस, पवित्र पुस्तकावर हात ठेवून घे, म्हणजे झालं.

मास्तर पोरांकडं बघत राहिला. ऊन चढलं की ती बाभळीच्या सावलीबरोबर सरकत सरकत बसायची, आणि सावली संपली की शाळा सुटायची. कौलांखाली दिवसभर बसली असती. माणसाचंच मन ते, एका पावलानं काय होतं, असं त्यालाही वाटून गेलं असेल. पण त्या रविवारी त्याचं गाणं नेहमीपेक्षा वाईट झालं, असं सांगतात. मनात काही खुपलं की त्याचा सूर आणखी बिघडायचा.

सभा पट्टीवरच भरली. देवीचं तबक आलं. पंचांतला थोरला म्हणाला, "सटवा, भंडारा लाव."

"माझं नाव शांतवन. आणि भंडारा नको."

"मंग तुमच्या त्या पुस्तकावर हात ठिव."

"त्याच्यावरबी न्हाई. शपथ घ्यायचीच नसती, असं त्याच्यातच लिवलंय. साहेब घेत असतील, मी घेत न्हाई."

"शपथंबिगर तुझ्या पायाला किंमत काय?"

"मंग दुसरे पाय बघा," मास्तर म्हणाला. "माझ्या बापाचे जळाले, आता हे एवढेच उरलेत."

पंच एकमेकांकडं बघू लागले. तहान सगळ्यांनाच होती. थोरल्यानं तबक बाजूला सारलं आणि हातानं चाल म्हणून खूण केली. आमच्या मुलखात शपथ न घेता शीव चालणारा तो पहिला. पाय रुततात का, ते बघायला माणसं झाडांवर चढली होती.

मास्तरानं वहाणा काढल्या. डोक्यावर माती घेतली नाही. ओढ्याच्या वळणापासून निघाला. तिथं त्याचा हात नकळत गालाकडं गेला. वारुळापाशीही गेला. बापाची चापट बरोबर लागली होती. कुठं थांबला नाही, कुठं चुकला नाही, आणि झिरा उजव्या हाताला टाकून सरळ निघून गेला. उजव्या हाताला चिंचदरं.

बयाजी पाटलांच्या तोंडातून मास्तरासाठी पहिल्यांदाच चांगला शब्द निघाला, "शाबास, मास्तर."

"थांबा, पाटील," मास्तर माघारी आला. "ही माझ्या बापानं दावलेली शीव. झिरा चिंचदऱ्याचा, हे खरं, म्हणून तसा चाललो. कौलांसाठी न्हाई. आता दुसरं खरं ऐका. जत्रंत तुम्ही भंडारा उचलून ही शीव सोडली. बाभळीशी संपती म्हणालात. मी शपथ घेतली न्हाई, तुम्ही घेतली. ती खोटी होती का?"

बयाजी पाटलांनी तबकातल्या भंडाऱ्याकडं बघितलं. खरी म्हणावी तर पाणी गेलं, खोटी म्हणावी तर देवी समोर बसलेली. हैबती पाटलांना एवढा आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, त्यांनी सोडली, म्हणजे आपसूक आमची झाली.

"तुमची शीव धोंड्याशी संपती, पाटील," मास्तर म्हणाला. "तुम्हीच सांगितलं, देवीला."

झाडांवरची माणसं हसली म्हणे, आणि एक जण खाली पडला. पंचांना हसता येईना. दोन पाटलांच्या दोन शपथा, दोन्ही देवीच्या, दोन्ही गावांदेखत. निवाडा झाला, की बाभळीपासून धोंड्यापर्यंतची जागा कुणाची नाही. तिच्यावर जो बसला आहे तो बसेल.

जाता जाता बयाजी पाटील म्हणाले, आता मरेपर्यंत छपराची वाट बघशील. मास्तर म्हणाला, "पोरं आभाळाखाली बाराखडी शिकलीत, पाटील. आभाळ काय तुमच्या शिवेत येत न्हाई." मग सभेला ऐकू जाईल असं बोलला, की पाणी सगळ्यांना मिळेल, चिंचदऱ्यालाही आणि बोरवंडालाही. फक्त झिऱ्यात घागर बुडवतील ती ज्यांनी खणलं ती पोरं, आणि ओततीलही तीच. ज्याला चालत असेल त्यानं यावं.

कुणी आलं नाही. काही दिवस दोन्ही गावांनी अब्रू पिऊन बघितली. तिनं घसा ओला होत नाही. मग एका भर दुपारी चिंचदऱ्याच्या वाटेनं एक म्हातारी घागर घेऊन आली. बयाजी पाटलांची आई, पुतळाई. शाळा भरलेली होती. मास्तर उठून उभा राहिला. म्हातारीनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या बयाजीनं शीव सोडली. तहान मी कशी सोडू, बाबा? ओता."

एका पोरीनं घागर भरून दिली. म्हातारी तिथंच ओंजळीनं प्याली, सगळ्या वाटेला दिसेल अशी. मग दुसऱ्या दिवशी ओळ लागली. पाणी पाझरायला वेळ लागे, ओळ लांब असे, आणि कानावर बाराखडी पडत राही. असं सांगतात, की ओळीत उभ्या उभ्या बोरवंडाचा न्हावी जोडाक्षरांपर्यंत पोचला. हैबती पाटील 'ठ'च्या पुढं सरकले नाहीत, पण तो दोष पाण्याचा नव्हे. रविवारी गाणीही ऐकावी लागत. पाण्यासाठी माणूस काय काय सोसतो.

मास्तर म्हातारा होऊन इथंच गेला. छप्पर शेवटपर्यंत झालं नाही, आणि शाळा एक दिवस बंद राहिली नाही. त्याच्या शाळेत शिकलेली पोरं पुढं गावोगाव मास्तर झाली. काही प्रभूची गाणी गात, काही गात नसत, आणि ज्यांनी गाणं मास्तराकडून घेतलं नाही त्यांचे लोक आभार मानतात.

चिंचदऱ्यात आणि बोरवंडात आजही कुणी शपथ घेत नाही. खोटं बोलतात, पोटभर बोलतात, पण शपथेवर नाही. मध्ये एक मोजणीदार साखळी घेऊन आला. ही जमीन कुणाची म्हणाला. चिंचदऱ्याची माणसं म्हणाली, आमची नाही. बोरवंडाची म्हणाली, आमचीही नाही. मग शपथेवर सांगा, म्हणाला, तर दोन्ही गावं धोतरं झटकून उठली आणि घरी गेली. पट्टी मोजायची राहिली ती राहिलीच. तो एकटा उन्हात उभा. तहान लागली म्हणून झिऱ्याकडं वाकला, तेवढ्यात गुरांमागं आलेल्या बाईनं त्याला मागं सारलं. इथं आपलं पाणी आपण काढायचं नसतं. तिनं भांडं बुडवलं आणि त्याच्या हातांवर ओतलं. कोण, कुठला, काही विचारलं नाही.

तुम्हीही लांबून आला आहात. या, धरा ओंजळ.